आभाळालाही गावकूस

ढाणकीहून एका पोराचा निरोप आला. आपल्याच वस्तीतलं पोरगं. बारावी सायन्स. फिजिक्स-मॅथ्समध्ये पक्कं. विचारतं, "दादा, पायलट व्हायचं हाय. पुढं नोकरी लागते का? बाप म्हन्ते, वावर इकतो."

वावर म्हणजे दोन एकर कोरडवाहू. कापूस नाहीतर सोयाबीन. त्यापलीकडं या घराकडं फुटकी कवडी नाही. ढाणकी उमरखेड तालुक्यातली. जिल्हा यवतमाळ, पण विमानतळ जवळ म्हणाल तर नांदेडचा. यवतमाळला धावपट्टी आहे. २००९ साली ती रिलायन्सच्या कंपनीला भाडेपट्ट्यानं दिली आणि पुढं वर्षानुवर्षं तिथं नियमित प्रवासी विमान काही उतरलं नाही. तेव्हा या पोरानं विमान पाहिलं ते मान वर करूनच.

पोराला सल्ला देणारे तीन जण आधीच भेटलेत. पहिला आपलाच साहेब. आरक्षणावर लागला, शहरात फ्लॅट घेतला. तो म्हणतो, "पायलट-बियलट आपलं काम नव्हे. एमपीएससी कर." दुसरा अॅकॅडमीचा दलाल. गुळगुळीत कागदावर छापलेला. तो म्हणतो, "देशाला हजारो पायलट पाहिजेत. आज पैसे भरा, उद्या कॉकपिटमध्ये बसा." तिसरा मेरिटवाला. तो म्हणतो, "तिथं तुमचं आरक्षण चालत नाही. तिथं माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो."

तिघांनाही उत्तर द्यायचं आहे. पण आधी पोराला. कारण वावर त्याच्या बापाचं जाणार आहे, या तिघांचं नाही.

हिशोब मांडू. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, वय १८, पहिल्या वर्गाची मेडिकल. मग डीजीसीएचे पेपर : नेव्हिगेशन, हवामान, नियम, टेक्निकल. रेडिओचं लायसन्स वेगळं. आणि २०० तास उड्डाण. एवढं झालं की कमर्शियल पायलट लायसन्स. ढाणकीच्या पोराला झेपू नये असं यात काय आहे? वारा, ढग, नकाशा, इंजिन. अभ्यास केला तर येतं. न केला तर कुणालाच येत नाही, बामणाच्या पोरालाही नाही.

अडतं ते पुढं. या लायसन्सला आज ४० ते ५० लाख लागतात. ते हातात आलं म्हणून कुणी एअरबस चालवायला देत नाही. त्या जातीच्या विमानाचं, हो, विमानालाही जात असते, टाइप रेटिंग घ्यावं लागतं. आणखी १५-२० लाख, बहुतेकदा पोराच्याच खिशातून.

आता नोकरी. दलाल खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियानं ४७० विमानांची ऑर्डर दिली, जूनमध्ये इंडिगोनं ५०० ची. खरं आहे. पण त्याच साली डीजीसीएनं १,६२२ कमर्शियल लायसन्स वाटली आणि त्याच साली मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली. तिच्या आधी २०१९ ला जेट, त्याआधी २०१२ ला किंगफिशर. कंपनी बसली की तिचे हजारो तासांचे अनुभवी पायलट बाजारात येतात आणि २०० तासवाला पोरगा लाइनीत मागं ढकलला जातो. २०२५ च्या नोव्हेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले, तर डिसेंबरात इंडिगोला माणसं पुरली नाहीत. हजारो उड्डाणं रद्द झाली. लगेच दलालांनी बोंब ठोकली : बघा, पायलट कमी! अरे बाबा, मुख्य टंचाई कॅप्टनची. कॅप्टन व्हायला वरचं लायसन्स लागतं, त्याला १,५०० तास. ते तास मिळतात नोकरीत. आणि नोकरीच्या दारात तर गर्दी आहे.

म्हणजे नोकरी लागते. पण कधी लागेल ते कुणी सांगू शकत नाही. सहा महिन्यांत लागेल, तीन वर्षं बसावं लागेल. बसायलाही पैसा लागतो. मेडिकल पुन्हा करा, रेटिंग ताजं ठेवा, तास भरत राहा. नाहीतर हातातलं लायसन्स नुसता कागद. ज्याच्या बापाचे पुण्यात दोन फ्लॅट आहेत तो तीन वर्षं बसू शकतो. ज्याच्या बापानं वावर विकलं तो तीन महिने बसू शकत नाही. एकच लायसन्स, एकच मार्क, पण चान्स एकच आहे असं जो सांगेल तो लबाड समजा.

बँकेत जा म्हणतात. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. दोन एकर कोरडवाहूवर ५० लाख कोणता मॅनेजर देतो, त्याचं नाव सांगा. आम्ही त्याचा सत्कार करू.

मग सरकार. सरकारची कागदावरची दानत बघा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या यादीत पायलटचा कोर्स पहिल्या गटात, डॉक्टर-इंजिनियरच्या पंगतीत बसवलेला. पण बापाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. २०१३ मध्ये ही मर्यादा ठरली, २०२१ मध्ये योजना नव्यानं मांडली तेव्हाही तिथंच ठेवली. केंद्राची दुसरी योजना टॉप क्लासची, २००७ सालची. तिच्यात खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला कमाल ३ लाख ७२ हजार ठरवले होते. करा भागाकार. ४० लाखांत २०० तास, म्हणजे तासाला २० हजार. ३ लाख ७२ हजारांत १९ तासही पुरे होत नाहीत. दोन वर्षांचे धरा, ३७ तास. उरलेले १६३ तास काय गाढवावर बसून भरायचे?

बाबासाहेबांनी हे १९४२ सालीच सांगितलं होतं. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी सरकारला निवेदन दिलं. त्यात स्पष्ट मांडलं की आमची मुलं आर्ट्स आणि लॉकडं जातात ती आवड म्हणून नव्हे. सायन्स आणि टेक्नॉलॉजीचं शिक्षण त्यांना परवडत नाही म्हणून जातात. आमचं भलं त्याच शिक्षणात आहे आणि त्याचा खर्च सरकारनं उचलला पाहिजे. १९४४ पासून शिष्यवृत्ती सुरू झाली ती त्या रेट्यातून. ऐंशी वर्षं झाली. आपला साहेब अजून पोराला सांगतो, "परवडतं ते शिक." साहेब, तुम्ही बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावला, निवेदन नाही वाचलं.

आता मेरिटवाला. याची मुळं खोल आहेत. १६ नोव्हेंबर १९९२. सुप्रीम कोर्टाचं नऊ न्यायाधीशांचं खंडपीठ, इंद्रा साहनी खटला. ज्या निकालानं मंडलच्या २७ टक्क्यांवर शिक्का मारला, त्याच निकालात बहुमताच्या न्यायमूर्तींनी एक यादी दिली. आरक्षण ठेवणं इष्ट नाही अशा पदांची. संरक्षण दल, अणुशक्ती आणि अवकाश संशोधनातली तांत्रिक पदं, प्रोफेसर आणि वरची पदं, वैद्यकातल्या सुपरस्पेशालिटी. आणि शेवटी इंडियन एअरलाइन्स व एअर इंडियातले पायलट आणि को-पायलट. नाव घेऊन, मित्रांनो. जमिनीवर तुम्हाला जागा देऊ, आभाळात नको.

का? तर जिवाचा प्रश्न. आम्ही विचारतो, आरक्षणानं २०० तासांचे १५० होतात का? सिम्युलेटर चेक सोपी होते का? आरक्षण पोराला लाइनीत उभं राहायला जागा देतं. विमान उडवायचं लायसन्स देत नाही. २०११ मध्ये खोट्या मार्कशीटवर वरचं लायसन्स घेतलेले पायलट पकडले गेले. राजस्थानात न उडताच तास लिहून दिल्याची प्रकरणं निघाली. ते कोणत्या कोट्यातून आले होते? पैशाच्या. त्या कोट्यावर कुठलं कोर्ट यादी काढत नाही. बापाच्या ६०-७० लाखांवर आलेला पोरगा कॉकपिटमध्ये बसला तर मेरिटवाल्याला डुलकी लागते. ढाणकीचा बसला की सीटबेल्ट आवळतो!

कोर्टाचं म्हणणं होतं तरी एअर इंडिया सरकारी होती तोवर तिच्या ट्रेनी पायलटच्या जाहिरातीत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा छापून येत. थोड्या का होईना, येत. २७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांच्या हवाली झाली. जागा संपल्या. कोर्टानं जे ठेवलं होतं ते विक्रीनं नेलं. इतिहास उगाळतात, तर पूर्ण उगाळा. जे. आर. डी. टाटांना देशातलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं फेब्रुवारी १९२९ मध्ये. १९३२ ला त्यांनी कराचीहून मुंबईला टपालाचं विमान आणलं. तेव्हा आमचे आजे काय करत होते? १९२७ ला महाडच्या तळ्यावर पाणी पिण्यासाठी डोकी फोडून घेत होते. १९३० ला काळारामाच्या बंद दारासमोर उभे होते. शर्यत एकाच रेषेवरून सुरू झाली नाही आणि वर आमचं घड्याळ मोजता?

खासगी कंपनीत जात नसते म्हणे. २०१७ मध्ये पंतप्रधानांनी उडान योजना सुरू करताना सांगितलं, हवाई चपलेतला माणूस हवाई जहाजात दिसला पाहिजे. २०२५ च्या जूनमध्ये एका दलित ट्रेनी पायलटनं पोलिसांत फिर्याद दिली : तू विमान उडवायच्या लायकीचा नाहीस, जा, चपला शिव, असं वरिष्ठांनी मीटिंगमध्ये सुनावलं. कंपनीनं आरोप फेटाळले. खरं-खोटं कोर्टात ठरेल. पण एवढं लक्षात घ्या, की ५० लाख, २०० तास, सगळे पेपर, सगळं पार करून गेलेल्या माणसाला ही फिर्याद द्यावी लागते. आणि अशा कंपनीत आपले किती, हे विचारायची सोय नाही. जातवार आकडा देण्याची सक्तीच तिच्यावर नाही.

तर मग करायचं काय? रडायचं? नाही. आपला शेजार बघा. अमरावती. यवतमाळचं विभागीय मुख्यालय. २०२४ मध्ये एअर इंडियानं बेलोरा विमानतळावर पायलट शाळा जाहीर केली. ३४ विमानं, वर्षाला १८० पायलट. जागा दिली ३० वर्षांसाठी, राज्य सरकारच्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीनं. तिकडं जळगावला २०२१ मध्ये केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणानं फ्लाइंग स्कूलना रॉयल्टी माफ करून जागा दिली. जमीन लोकांची, धावपट्टी लोकांची, माफी लोकांच्या पैशाची. मग जागा फक्त पैसेवाल्यांच्या कशा? २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीनं खासगी शिक्षणसंस्थांतही आरक्षणाचा कायदा करता येतो. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलंय. करत नाहीत, कारण कुणी गचांडी धरत नाही.

आपण धरायची. मागणी बोटावर मोजून सांगतो. अमरावतीच्या १८० पैकी १३ टक्के, म्हणजे २३ जागा अनुसूचित जातींच्या. ७ टक्के, म्हणजे १२ जागा जमातींच्या. लेखी. फी सरकारनं थेट शाळेत भरायची, टाइप रेटिंगसकट. उत्पन्नाची अडीच लाखांची अट इथं मोडायची. ओबीसी, भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी महाज्योतीनं नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत २० जागांची योजना काढलीच होती ना? म्हणजे मनात आणलं तर होतं. आणि सरकारी जमीन घेणाऱ्या प्रत्येक विमान कंपनीनं भरतीचा जातवार आकडा दरवर्षी छापायचा.

पुण्या-मुंबईच्या अभ्यासिकेत बसलेल्या मित्रा, तू म्हणशील, आपल्या झोपडपट्टीत नळाला पाणी नाही आणि हे विमानाचं काय काढलंय? महाडलाही हेच म्हणत होते, विहिरी खोदून घ्या की आपल्या वेगळ्या. पाणी तर होतंच. प्रश्न तळ्याचा होता.

आणि ढाणकीच्या भावा, तुला सरळ उत्तर. वावर विकू नको. बापाला सांग, अजिबात नको. एका दलालाच्या कागदावर दोन एकर जात नसतात. पण स्वप्नही विकू नको. मेडिकल आधी करून घे, त्यात बसतोस का बघ. बारावीचे फिजिक्स-मॅथ्स घट्ट कर. रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारची इंदिरा गांधी उडाण अकादमी आहे. तिथं प्रवेशाला आपल्या राखीव जागा आहेत, परीक्षा दे. पण फी तिथंही लाखांत आहे, हे डोळे उघडे ठेवून दे. शिष्यवृत्तीचा फॉर्म भर आणि नाकारला तर लेखी कारण माग. तो नकाराचा कागद आम्हाला पाठव. तुझ्यासारखे शंभर कागद जमले की आपण अमरावतीला बेलोऱ्याच्या फाटकावर जाऊ.

तिथं आत विमानं असतील, बाहेर आपण असू. आजपर्यंत बाहेरच होतो. या खेपेला मात्र हातात कागद घेऊन, आकडा घेऊन, आत जायलाच आलोय म्हणून सांगू.

जय भीम!