परत फिरविणारा वाटाड्या

नाशिकच्या इंदिरानगरांत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांच्या विरंगुळ्याच्या कल्पना गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळच पालटल्या आहेत. पूर्वीं रविवार म्हटला म्हणजे पांडवलेणीं, सोमेश्वरचा धबधबा किंवा फार तर त्र्यंबकेश्वर, इतकीच मजल असे. आतां मुंबई-आग्रा महामार्गावरील इंदिरानगरच्या बोगद्यापाशीं सुटीच्या दिवशीं उजाडण्यापूर्वींच लहान बसगाड्या येऊन उभ्या राहतात, आणि पाठीस पिशव्या लावलेली तरुण मंडळी त्यांत चढतांना दिसते. कोठें निघालांत म्हणून विचारावें, तर हिवाळ्या-उन्हाळ्यांत 'सांधणला' आणि पावसाळ्यांत 'विहीगांवच्या धबधब्याला' असें उत्तर मिळतें. युरोपांत ज्या खेळास कॅन्यनिंग म्हणतात, म्हणजे पाण्यानें कोरलेल्या घळींतून त्या पाण्याच्याच वाटेनें चालत, पोहत व दोर लावून खालीं उतरण्याचा जो खेळ, त्याची ही आमच्याकडील आवृत्ति होय. मोबाईलवर येणाऱ्या जाहिरातींचा सांचा ठरलेला असतो : एक दिवस, एक रक्कम, चहा-नाश्ता व जेवण त्यांतच, अनुभवी मार्गदर्शक सोबत, आणि नवशिक्यांसही हरकत नाहीं.

या सहलींविषयीं आमच्या समाजांत दोन पक्ष पडलेले आढळतात. पहिला पक्ष वडीलधाऱ्यांचा. पावसाळ्यांत एखादी दुर्घटना वर्तमानपत्रांत आली कीं हा पक्ष जागा होतो. हीं सारीं थेरें बंद करा, जिल्हाधिकाऱ्यांनीं बंदीहुकूम काढावा, असा त्याचा आग्रह असतो. दुसरा पक्ष तरुणांचा व त्यांना घेऊन जाणाऱ्या धंदेवाईकांचा. धोका नाहीं तर साहस कसलें, आणि रस्त्यावर काय अपघात होत नाहींत, हें त्याचें ठरलेलें उत्तर. आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच चुकलेले वाटतात. कारण घळ म्हणजे काय याचा विचार दोघांनींही केलेला नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत हें कीं, घळ उतरण्याचा खेळ सर्वस्वीं एका निर्णयावर उभा आहे. तो निर्णय म्हणजे आज आंत शिरावें कीं परत फिरावें हा. आणि आम्ही मध्यमवर्गीयांनीं जी एका दिवसाची ठोक रकमेची सहल उचलून धरिली आहे, तिनें तो निर्णय मोकळ्या मनानें घेण्याची सोयच काढून टाकली आहे.

सांधणचेंच उदाहरण घेऊं. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे, रतनगडाच्या परिसरांत साम्रद नांवाचें गांव आहे. नाशिकहून घोटीमार्गें तेथें जातां येतें. गांवापासून थोडें चाललें म्हणजे जमीन दुभंगल्याप्रमाणें सह्याद्रीच्या काळ्या पाषाणांत एक चीर पडलेली दिसते, तीच सांधण. हा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. त्यांतील भेगांवाटें युगानुयुगें पावसाचें पाणी वाहत राहिलें आणि ही दरी घडली. दोन्ही बाजूंस शेंकडों फूट उंचीच्या उभ्या भिंती, मध्यें कांहीं ठिकाणीं जेमतेम दोन माणसें शेजारीं शेजारीं उभीं राहतील इतकी जागा, पायाखालीं घरंगळून आलेले शिलाखंड, आणि आरंभींच कमरेपर्यंत, कधीं छातीपर्यंत येणारें थंडगार पाणी. पुढें दोर लावल्यावांचून उतरतां येत नाहीं असे कडे लागतात, आणि ते सारे उतरून गेलें म्हणजे ठाणें जिल्ह्यांत डेहेण्याच्या बाजूस माणूस खालीं पोंचतो.

डोंगर चढणाऱ्यास वाटेंत कोठेंही आपला बेत बदलतां येतो. दमला, ढग आले, पाय मुरगळला, तर आल्या वाटेनें तो खालीं येऊं शकतो. किंबहुना संकटसमयीं खालीं येणें हीच त्याची सुटका असते. घळींत सगळेंच उलट. पहिला कडा उतरून दोर ओढून घेतला कीं मागची वाट मिटली. बाजूस भिंती, आणि डोक्यावर आकाशाची एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टींत ढग दिसेपर्यंत थांबावें, तर उशीर झालेला असतो. कारण पाऊस आपल्याच डोक्यावर पडला पाहिजे असें नाहीं. वरच्या पठारावर, दृष्टीआड, कोसांवर पडलेला पाऊसही त्या एका चिरेंत गोळा होऊन येतो. जागा अरुंद म्हणून वेग वाढतो, आणि वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, हें विज्ञानाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. अशा वेळीं दंडांतील बळ, पोहण्याचें कसब किंवा परदेशी बनावटीचा दोर यांपैकीं कशाचीच मात्रा चालत नाहीं. उपयोग असतो तो घळीच्या तोंडाशीं उभें राहून वेळींच 'आज नाहीं' म्हणणाऱ्या माणसाचा.

हें आम्ही कल्पनेनें रचून सांगत नाहीं. १२ ऑगस्ट १९९७ रोजीं अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत अँटिलोप कॅन्यन नांवाच्या अशाच अरुंद घळींत ११ प्रवासी बुडून मेले. पाऊस झाला होता तो तेथून कित्येक मैल दूर. २७ जुलै १९९९ रोजीं स्वित्झर्लंडमध्यें इंटरलाकेनजवळ साक्सेटेनबाख या ओढ्याच्या घळींत वरच्या बाजूस झालेल्या वादळी पावसाचा लोंढा आला, आणि २१ माणसें गेलीं. त्यांत १८ प्रवासी होते व ३ मार्गदर्शक. हें उदाहरण आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावें. देश डोंगरांचा, संस्कृति गिर्यारोहणाची, शिरस्त्राणें चांगलीं, पोषाख चांगले, मार्गदर्शक सोबत. उणें होतें तें त्या दिवशीं परत फिरणें. पुढें २००१ सालीं तेथील न्यायालयानें त्या सहलीच्या चालकांस निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरविलें, आणि धोक्याच्या खेळांचा धंदा करणारांस परवाना बंधनकारक करणारा कायदा त्या देशांत १ जानेवारी २०१४ पासून अंमलांत आला.

घराजवळ पाहावें तर ऑगस्ट २०२२ मध्यें त्र्यंबकेश्वरजवळील दुगारवाडीच्या धबधब्यावर नदीस अचानक पाणी येऊन पर्यटक पलीकडे अडकले व एक जण वाहून गेला. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील प्रवाहांत एकाच कुटुंबांतील पांच जण गेले. हीं ठिकाणें कांहीं दोर लावून उतरण्याचीं नव्हेत; पण पाण्याचा स्वभाव तोच, आणि त्याचें भान नसणारा समाजही तोच.

आतां आमच्या एका दिवसाच्या सहलीचा हिशेब मांडून पाहूं. तीस-चाळीस माणसांकडून आगाऊ रक्कम घेतलेली. बस ठरलेली, साम्रदला जेवण सांगितलेलें. रात्रीं परत पोंचलेंच पाहिजे, कारण सोमवारीं प्रत्येकास कचेरी किंवा कॉलेज. अशा वेळीं घळीच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या पंचवीस वर्षांच्या मार्गदर्शकास पश्चिमेकडे ढग दिसले, तर त्यानें काय करावें? परत फिरण्याचें ठरविलें तर सहलीचें मोल वसूल झालें नाहीं म्हणून चाळीस तोंडें त्याच्यावर तुटून पडणार. पैसे परत द्या, नाहींतर दुसरी तारीख द्या. बाजूचा गट तर उतरला, मग आम्हीच कां नाहीं. आमच्या चित्रफितीचें काय? मालकाची बोलणीं निराळींच. आणि हीं माणसें पुढें मोबाईलवर त्या सहलीस दोन तारे देऊन मोकळीं होणार, तीं वेगळींच. इतकें सारें अंगावर घेऊन 'नाहीं' म्हणण्यास जें धैर्य लागतें, तें कडा उतरण्याच्या धैर्याहून कितीतरी मोठें आहे. आम्ही त्या मुलाकडून रोजंदारीवर त्या धैर्याची अपेक्षा करितों, आणि त्यानें तें दाखविलें कीं त्यास शिक्षा करितों. ही शिक्षा करणारे कोणी दूरचे अडाणी लोक नव्हेत. इंदिरानगर, गंगापूर रोड, कॉलेज रोड येथें राहणारे, पदव्या घेतलेले, बालबच्चेवाले आपणच आहों.

सरकारनें नियम करावेत असें म्हणणें सोपें आहे, आणि सरकारनें ते केलेही आहेत. साहसी सहलींच्या सुरक्षिततेविषयीं महाराष्ट्र शासनाचे निर्णय २०१४ व २०१८ सालीं निघाले. २०२१ सालीं साहसी पर्यटनाचें धोरण आलें, आणि त्यांत असा धंदा करणारांनीं पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी असें ठरलें. हें योग्यच झालें. नोंदणी नसलेल्या माणसाच्या दोरास आपला मुलगा बांधणें हा शुद्ध अविचार होय. परंतु नियम दोराची जाडी पाहूं शकतो, शिरस्त्राण मोजूं शकतो, मार्गदर्शकाचें प्रशस्तिपत्र तपासूं शकतो. ढग पाहून परत फिरणाऱ्यास गिऱ्हाइकानें शिव्या देऊं नयेत असा नियम कोणतें सरकार करणार? तो आपल्या घरांतच झाला पाहिजे.

बंदीच्या पक्षास आम्ही एवढेंच विचारतों कीं, बंदीनें आजपर्यंत कोणतें ज्ञान वाढलें? बंदी घातलेल्या ठिकाणीं माणसें जातातच. तीं वाटाड्यावांचून, दोरावांचून, चोरून जातात. शिवाय ज्या सह्याद्रीच्या कुशींत आपण राहतों, त्याच्या घळी आणि नाळा आमच्या मुलांनीं केवळ चित्रांत पाहाव्या, हें आम्हांस मान्य नाहीं. सांधणच्या तळाशीं उभें राहून वर पाहिलेल्या मुलास भूगोलाचा जो धडा मिळतो, तो आमच्या वर्गांत देतां येत नाहीं. म्हणून आम्ही या खेळाचे शत्रु नव्हे, मित्र आहों. आणि मित्र म्हणूनच त्याच्या नांवाखालीं चाललेल्या घाईस आमचा विरोध आहे.

आणखी एका अन्यायाकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. सांधणचें पाणी केव्हां चढतें, कोणत्या वाऱ्यानें कोणता पाऊस येतो, हें ज्ञान साम्रदच्या माणसास पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीनें आलेलें आहे. आमच्या सहलींत त्याचें स्थान काय? तो भाकरी भाजून देतो, तंबू उभारतो, सामान वाहतो. निर्णय मात्र शहरांतून आलेला मार्गदर्शक, शहरांत ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणें घेतो. खरें पाहतां दोर बांधण्याची विद्या शिकलेला एक आणि त्या पाण्याची विद्या असलेला एक, अशा दोघांचें एकमत झाल्यावांचून कोणीही आंत पाऊल टाकूं नये. आणि गांवच्या माणसानें 'आज नको' म्हटलें तरी त्याचा त्या दिवसाचा पूर्ण मेहनताना त्यास मिळालाच पाहिजे. वकिलानें दावा लावूं नका असा सल्ला दिला, तरी आपण त्याची फी देतों. ती देतांना आपण फसलों असें कोणास वाटत नाहीं. मग साम्रदच्या माणसाचा सल्ला तेवढा फुकट कां असावा?

यावर असा आक्षेप येईल कीं, परत फिरूनही पैसे मिळूं लागले तर लबाड चालक दर खेपेस परतच फिरवितील. हा आक्षेप आम्हांस फारसा जड वाटत नाहीं. दर खेपेस परत फिरविणारा चालक महिन्याभरांत उघडा पडेल, कारण त्याच दिवशीं दुसरे लोक सुखरूप उतरून आलेले असतील. त्याच्या लबाडीनें आपले कांहीं रुपये जातील एवढेंच. परंतु जो कधींच परत फिरवीत नाहीं, त्याची लबाडी ज्या दिवशीं उघडी पडते, त्या दिवशीं रुपयांचा प्रश्न उरलेला नसतो.

तेव्हां ज्या घरांतून मुलें अशा सहलीस निघणार आहेत, त्या घरांनीं जाहिरातींतील छायाचित्रें पाहण्याऐवजीं चालकास तीन प्रश्न विचारावे. गेल्या वर्षभरांत तुम्ही किती वेळां घळीच्या तोंडाशीं जाऊन परत आलांत? तो निर्णय कोण घेतो, आणि त्यांत गांवच्या माणसाचा शब्द चालतो काय? परत फिरलांत तर तुमच्या मार्गदर्शकाचा पगार कापला जातो काय? पहिल्या प्रश्नास 'एकदांही नाहीं' असें अभिमानानें सांगणाऱ्या माणसाच्या हातीं रक्कम ठेवूं नये. आणि रक्कम देतांना एक वाक्य आपण होऊन लिहून द्यावें : परत फिरल्यास आम्ही पैसे मागणार नाहीं. हें वाक्य लिहून देण्यास जें कुटुंब कांकूं करतें, त्यानें आपल्या मुलांस पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढावयास न्यावें. तो व्यायामही चांगला आहे, आणि तेथून वाटेल त्या क्षणीं खालीं येतां येतें.