कांड्या वाढल्या म्हणे!

वायफाय मंद चालते अशी तक्रार घेऊन कोणी गेले, की आमच्या परिसरातले एक जाणकार एकच उपाय सांगतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये शिरा, वायरलेस कार्डाच्या 'अॅडव्हान्स्ड' पानावर 'ट्रान्समिट पॉवर' शोधा आणि ती थेट शेवटच्या टोकाला न्या. लिनक्स वापरणाऱ्यांना त्याहून वरचा मंत्र मिळतो: आपण बोलिव्हियात किंवा गयानात आहोत असे यंत्राला सांगा, 30 डीबीएम, म्हणजे 1 वॉट, मिळतील. कंपन्या शक्ती दडवतात, सरकार तिला कुलूप लावते आणि शक्ती वाढली की वेग वाढतो, असा त्यांचा सिद्धान्त. पुरावा? 'लगेच दोन कांड्या वाढतात.'

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या पुराव्याची. पडद्यावरच्या कांड्या सांगतात, राउटरच्या लहरी आपल्या लॅपटॉपपर्यंत किती जोरात पोहोचतात ते. कार्डाची प्रक्षेपणशक्ती ही नेमकी उलट दिशेची गोष्ट आहे. आपण पाठवलेले राउटरपर्यंत किती जोरात पोहोचते, एवढेच तिच्यामुळे बदलते. कार्डाने 30 मिलिवॉट सोडले काय किंवा 100 सोडले काय, भिंतीपलीकडचा राउटर त्यामुळे स्वतःची शक्ती तसूभरही वाढवत नाही. मग कांड्या वाढल्या कशा? खुर्ची वीतभर सरकली असेल, दार उघडले असेल, मधला माणूस उठून गेला असेल. 2.4 गिगाहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि लॅपटॉप तेवढासा हलला तरी आकडा वरखाली होतो. शिवाय सेटिंग बदलले की कार्ड पुन्हा नव्याने जोडले जाते, आणि त्या वेळी ते वेगळ्या बँडवर गेलेले असू शकते. श्रेय मात्र वाढवलेल्या शक्तीला!

आणि घरात बहुतेक जण करतात काय? चित्रफिती पाहतात, पाने उघडतात. माहिती येते राउटरकडून. लॅपटॉपकडून जातात त्या विनंत्या आणि मजकूर मिळाल्याच्या लहानशा पोचा. या पोचा मुद्दाम कमी वेगात, दणकट पद्धतीने पाठवल्या जातात, म्हणून क्षीण सिग्नलवरही त्या पोहोचतात. दुखणे येणाऱ्या बाजूला आणि उपचार जाणाऱ्या बाजूला, असा हा प्रकार. व्हिडिओ कॉलवर समोरच्याला आपलाच चेहरा तुटक दिसत असेल, तर जाणारी बाजू तपासायलाच हवी. पण हा भेद या जाणकारांनी कधी कोणाला सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दडवलेल्या शक्तीचे म्हणावे, तर इंटेलच्या कार्डांत हे सेटिंग मुळातच सर्वांत वरच्या पायरीवर असते. सरकारी कुलपाचे म्हणावे, तर 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात 1 वॉटपर्यंत, आणि अँटेनाचा लाभ धरून 4 वॉटपर्यंत, परवान्याविना प्रक्षेपणाची मुभा भारतात 2005 सालीच मिळाली. त्यासाठी बोलिव्हिया कशाला? खरी मर्यादा कार्डात कारखान्यातच नोंदवलेली असते आणि देश खोटा सांगून ती हलत नाही.

समजा, हललीच. गणपतीच्या मांडवातला भोंगा पूर्ण फिरवला की आवाज फाटतो आणि शब्द कळेनासे होतात. ताणलेल्या अॅम्प्लिफायरमधून निघणाऱ्या लहरींचेही तसेच होते. वेगवान जोडणीला स्वच्छ सिग्नल लागतो, म्हणून कार्डेही वरच्या वेगांना आपली शक्ती आपणच कमी करतात. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी वाढ फक्त 3 डेसिबलची. मोकळ्या मैदानातसुद्धा दुप्पट अंतर गाठायला चौपट शक्ती लागते. सिमेंट-सळयांच्या भिंतींत त्याहून जास्त.

आमच्या परिसरात पूर्वी रिपीटरवरूनही असाच वाद झाला होता. तेव्हाही हेच जाणकार, जिथे सिग्नल पोहोचत नाही त्याच कोपऱ्यात रिपीटर लावायला सांगत. एकच रेडिओ असलेला रिपीटर प्रत्येक गोष्ट ऐकून पुन्हा पाठवतो, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट खातो. आणि जे त्याला धड मिळतच नाही, ते तो पुढे काय देणार?

शेजाऱ्यांचा विचार तर शक्ती वाढवण्याच्या या सल्ल्यात कुठेच नाही. एकाच चॅनेलवरचे दुसऱ्याचे प्रक्षेपण उणे 82 डीबीएमच्या आसपास जाणवले, तरी वायफाय यंत्र थांबून राहते. दाट वस्तीच्या इमारतीत प्रत्येकाने जोर वाढवला, तर एकमेकांना थांबवण्यापलीकडे काही साधत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे: राउटर लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंच ठेवावा. 2.4 वर 1, 6 किंवा 11 यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल घ्यावे, जवळच्या खोलीत 5 गिगाहर्ट्झ वापरावे. जो संगणक जागचा हलत नाही, त्याला सरळ केबल लावावी. बॅटरी वाचवण्यासाठी कोणी कार्डाची शक्ती खाली आणून ठेवली असेल, तर ती जरूर पूर्ववत करावी. मात्र त्यानंतर कांड्या पाहू नयेत. एकाच जागी बसून, आधी आणि नंतर, अपलोडचा वेग मोजावा.