कागद सुरक्षित, माणूस वाऱ्यावर

अहिल्यानगर शहरानजीक वाहननगर येथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजेच नगरकरांच्या तोंडी असलेली ‘व्हीआरडीई’, उभी आहे. नव्या वाहनाचा नमुना तपासून त्याला प्रमाणपत्र देण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 च्या 126 व्या नियमाने ज्या मोजक्या संस्थांना दिला, त्यांत पुण्याच्या एआरएआयच्या बरोबरीने या संस्थेचे नाव आहे. नवी गाडी रस्त्यावर आणण्यास योग्य आहे की नाही, हे ठरविणारे तज्ज्ञ व यंत्रसामग्री याच जिल्ह्याच्या मातीत आहेत. आणि याच जिल्ह्यात संगमनेरपासून जामखेडपर्यंत रोज जुन्या मोटारी हातोहात विकल्या जातात, त्यांच्या पेडलखाली काय दडले आहे हे पाहण्याची जबाबदारी मात्र कायद्याने कोणावरही टाकलेली नाही! या विसंगतीला योगायोग म्हणणे हा भाबडेपणा ठरेल.

प्रथम कायद्याची स्थिती पाहावी. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षे वैध राहते. त्यानंतर नूतनीकरणाच्या वेळी परिवहन खात्याचा निरीक्षक ती गाडी पाहतो. दरम्यानच्या काळात तिचे मालक दोनदा बदलोत की पाचदा, तांत्रिक तपासणीचे बंधन नाही. विक्रीच्या वेळी नमुना 29 व नमुना 30 भरावा लागतो, विमा व पीयूसी दाखवावी लागते, कर्जाचा बोजा उतरवावा लागतो. पीयूसी धूर मोजते, ब्रेक मोजत नाही. नगरच्या एमएच 16 आणि श्रीरामपूरच्या एमएच 17 या दोन्ही कार्यालयांत मालकीचे हस्तांतर होते ते कागदाचे. यंत्राचे हस्तांतर विक्रेत्याच्या शब्दावर आणि ग्राहकाच्या नशिबावर सोडलेले आहे.

हा धोका किती खरा आहे, हे समजण्यासाठी यंत्राची थोडी माहिती हवी. जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरची तार थेट थ्रॉटल उघडत असे. ती तार गंजली किंवा झडपेवर काजळी व धूळ साचली, की पाय उचलला तरी झडप मिटत नसे. आजच्या गाडीत तार जाऊन सेन्सर आले. पेडल किती दाबले हे सेन्सर संगणकाला सांगतो आणि संगणक झडप उघडतो. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊनपुसून विकली जाते, तेव्हा जोडण्यांतील गंज विकत घेणाऱ्याला दिसत नाही. पहिल्या मालकाने वेग वाढविण्याच्या हौसेने पेडलच्या जोडणीत बाजारू किट बसविलेले असते. मूळ चटईवर दुसरी जाड चटई टाकलेली असते आणि पेडल तिच्यात अडकते. क्रूझ कंट्रोलची कथा याहून वेगळी नाही. ब्रेक दाबताच क्रूझ सुटावा यासाठी बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या पेडलपाशी एक लहानसा स्विच असतो आणि मागचा लाल दिवाही सहसा त्याच्याच इशाऱ्यावर लागतो. हा किरकोळ किमतीचा स्विच बिघडला, तर मागच्याला दिवा दिसत नाही आणि पुढे क्रूझ सुटण्याची खात्री राहत नाही. कोपरगाव तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला 33 मीटर धावते. तीन सेकंदांचा गोंधळ म्हणजे शंभर मीटरची धाव.

हे कल्पनेचे खेळ नाहीत, याची साक्ष भांडवलशाहीच्या माहेरघरीच मिळते. 28 ऑगस्ट 2009 रोजी अमेरिकेत सॅन दिएगोजवळ एक लेक्सस गाडी न थांबता पळत सुटली आणि पोलीस खात्यातील एक अनुभवी अधिकारी व त्याच्या कुटुंबातील तिघे मृत्युमुखी पडले. ती गाडी त्या कुटुंबाची नव्हती. विक्रेत्याने बदली म्हणून दिलेली ती गाडी होती, तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची चटई टाकलेली होती आणि ती चटई पेडलमध्ये अडकल्याची तक्रार आधीच्या एका ग्राहकाने केलेली होती. एका हातातून दुसऱ्या हातात न तपासता दिलेली गाडी काय करू शकते, याचा याहून स्पष्ट दाखला नाही. पुढे टोयोटाने लक्षावधी गाड्या परत बोलावल्या. कंपनीने ग्राहकांची दिशाभूल केली, या आरोपावरून मार्च 2014 मध्ये तिला अमेरिकेच्या न्याय खात्याकडे 1.2 अब्ज डॉलर भरावे लागले. फोर्ड कंपनीला तर क्रूझ कंट्रोलच्या एका स्विचमधून आग लागण्याच्या धोक्यापायी 1999 ते 2009 या काळात सुमारे 1 कोटी 40 लाख वाहने परत बोलवावी लागली.

यावर कारखानदारांच्या वकिलांचे उत्तर ठरलेले आहे: दोष यंत्राचा नाही, चालकाचा आहे, त्याने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे मानणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ‘नासा’च्या अभियंत्यांनी टोयोटाच्या गाड्या तपासून फेब्रुवारी 2011 मध्ये जो अहवाल दिला, त्यात अशा बेफाम वेगाला कारणीभूत ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. उलट, ऑक्टोबर 2013 मध्ये ओक्लाहोमातील ज्यूरीने, गाडीच्या संगणकप्रणालीतील दोषांचा पुरावा ऐकून, त्याच कंपनीला एका अपघातास जबाबदार धरले. ऑडी 5000 या गाडीविरुद्ध 1986 मध्ये मोठा गहजब झाला, तेव्हाही 1989 च्या सरकारी अहवालाने चुकीचे पेडल दाबले गेल्याचाच निष्कर्ष काढला. पण त्याच प्रकरणातून ब्रेक दाबल्याशिवाय गिअर हलू नये ही योजना स्वयंचलित गाड्यांत रूढ झाली, हे वकील सांगत नाहीत. माणूस चुकतो, हे गृहीत धरूनच यंत्र घडवायचे असते. ‘चालक चुकला’ हे चौकशीचे पहिले वाक्य असू शकते, शेवटचे असता कामा नये.

महाराष्ट्राला हा धडा 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्यात मिळाला. बेस्टच्या मार्गावर भाडेकराराने चालणारी एक इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. त्या रात्रीच्या अपघातात अखेर 9 माणसे दगावली. तपासणीत ब्रेक ठीक आढळले आणि सारे बोट चालकाकडे वळले. पण लहान बस चालविणाऱ्या माणसाला अपुऱ्या प्रशिक्षणानंतर 12 मीटर लांबीच्या, क्लच नसलेल्या, इशाऱ्यासरशी उसळणाऱ्या बसवर कोणी बसविले? भाडेकराराने जबाबदारीचे तुकडे कोणी केले? गजाआड चालक जातो आणि करार सहीसलामत राहतो. जुन्या मोटारीच्या व्यवहारातही हेच घडते. अपघातानंतर गुन्हा चालकावर नोंदविला जातो. दोष ठाऊक असून गाडी खपविणारा तोपर्यंत पुढची गाडी धुवायला काढतो.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. जे केले ते कोणासाठी केले हाच प्रश्न आहे. 22 डिसेंबर 2022 च्या अधिसूचनेने जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना परवाना घेणे 1 एप्रिल 2023 पासून आवश्यक ठरविले. या नियमांचा भर गाडी कोणाच्या ताब्यात आहे याच्या नोंदीवर आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 110-अ हे कलम आले, सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आणि 1 एप्रिल 2021 पासून 10 लाख ते 1 कोटी रुपयांच्या दंडाची तरतूद झाली. पण ही सक्ती 7 वर्षांच्या आतील वाहनांपुरतीच! म्हणजे जी गाडी शहरातील पहिल्या मालकाने वापरून सोडली आणि जी पाथर्डीच्या किंवा अकोल्याच्या गरजू माणसाच्या हाती आली, नेमकी तीच संरक्षणाच्या बाहेर. कर घेताना मात्र वयाची अट नाही. जीएसटी परिषदेने 21 डिसेंबर 2024 रोजी जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याच्या नफ्यावरील कराचा दर सरसकट 18 टक्के केला. शासन नफ्यात वाटेकरी आहे, जोखमीत नाही.

‘तपासणी आली की इन्स्पेक्टर राज आले’ अशी हाकाटी आता होईल. ही हाकाटी करणाऱ्यांना विचारावे, की किराणा दुकानातील तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का ठराविक मुदतीने का लागतो? साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काटामारी होऊ नये म्हणून या जिल्ह्यातील ऊस उत्पादकांनी तपासणीचाच आग्रह का धरला? दहा किलो साखरेचे माप जर सरकारने तपासायचे, तर टनभर वजनाच्या धावत्या लोखंडाचा ब्रेक का तपासायचा नाही? खात्यात एजंटांचा सुळसुळाट आहे हे खरे. त्यावर उपाय तपासणी बंद करणे हा नसून ती एजंटांच्या हातून काढून सार्वजनिक कार्यशाळांकडे देणे हा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचे वर्ग आहेत, एसटीच्या कार्यशाळांत अनुभवी कामगार आहेत. माफक शुल्कात, लेखी अहवाल देणारी तपासणी त्यांना अशक्य नाही.

दुसरा आक्षेप पुरोगामी वर्तुळातून येतो: मोटार ही श्रीमंतांची बाब, तिच्याशी चळवळीचा संबंध काय? हा आक्षेप तीस वर्षे मागचा आहे. आज शिर्डीच्या भाविकांना ने-आण करणारा तरुण, दूध संकलन करणारा, सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे चार कामगार मिळून वर्गणीने जी गाडी घेतात, ती जुनीच असते. आणि गाडीखाली सापडतो तो तर बहुधा पायी किंवा सायकलवर असतो. श्रीमंताची टाकून दिलेली जोखीम गरिबाच्या दारात येऊन उभी राहते, हा वर्गीय प्रश्न नव्हे तर दुसरे काय?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. परवानाधारक विक्रेत्याने विकलेल्या प्रत्येक गाडीसोबत ब्रेक, थ्रॉटल, क्रूझ व त्यांच्या जोडण्यांचा तपासणी अहवाल सक्तीचा व्हावा. 7 वर्षांची मर्यादा रद्द व्हावी. कंपनीने गाडी परत बोलावली, तर सूचना पहिल्या खरेदीदाराला पाठवून न थांबता आजच्या मालकाला पोहोचावी. ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीत त्याचा पत्ता शासनाकडे आहेच. कलम 110-अ मध्ये दोष कळविण्याचा अधिकार चाचणी संस्थांनाही आहे. व्हीआरडीईसारख्या संस्थांनी जुन्या वाहनांतील तक्रारींकडेही पाहावे, असा आग्रह जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी धरावा.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. गाडी घेणाऱ्याला सांगावे: चटई एकच ठेवा आणि ती खिळवून ठेवा, एकाला मागे उभे करून ब्रेकचा दिवा पाहा, मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावून ब्रेकने तो सुटतो का हे पारखा, नंतर बसविलेले किट काढून टाका. गाडी बेफाम सुटलीच, तर ब्रेक पुन:पुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबून धरावा, कारण थ्रॉटल उघडा असताना ब्रेक वारंवार सोडल्याने त्याला मिळणारे जोर संपत जाते. गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये, नाहीतर स्टिअरिंग अडकेल. विक्रेत्याने दोष लपविला असेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

रावसाहेब व अच्युतराव पटवर्धनांच्या या जिल्ह्याला समाजवादाचा पाठ नव्याने शिकविण्याची गरज नाही. उसाच्या काट्यावर उभे राहून हिशेब मागणारा शेतकरी येथेच घडला. त्याच्या मुलाने आता गाडीच्या बोनेटवर हात ठेवून हिशेब मागावा आणि पक्षाने त्याच्या पाठीशी उभे राहावे.