उघडे झाड मेलेले नसते



उपवासकाळाच्या सुमारास मुळगावच्या डोंगराकडे पाहिले म्हणजे अर्धे रान मेल्यासारखे दिसते. किंदळ, नाणा, सावर यांच्या फांद्या उघड्या पडतात आणि खाली पाचोळ्याचा थर साचतो. मग कोणी झाड वाळले म्हणून कोयता घेतो, तर कोणी पाचोळ्याला काडी लावतो. आमच्या मते या दोन्ही गोष्टी म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय.

गोव्यात वर्षाला सुमारे १२० इंच पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत. जांभ्या दगडातून पाणी झिरपून खाली जाते व वरची माती लवकर कोरडी होते. मुळांना कोरड जाणवली की झाडात एक संप्रेरक तयार होऊन पानांपर्यंत जाते आणि पानांची बारीक छिद्रे मिटतात. पाणी वाचते, पण त्याच छिद्रांतून हवा येत असल्यामुळे अन्न तयार होणे मंदावते. तहान फारच वाढली तर खोडातील पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात, धार तुटते व फांदी मरते. तसे होऊ नये म्हणून झाड पानांतील सत्त्व मागे ओढून घेते आणि पाने गाळते. पानगळ हा मृत्यू नव्हे, ती काटकसर आहे.

प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सावर मऊ खोडात पाणी साठवते आणि एकही पान नसताना लाल फुलांनी भरते. कोस्टा रिका या दूरच्या देशातील कोरड्या रानांतही अशी झाडे आहेत. निवडुंग रात्री छिद्रे उघडतो. माडाला मात्र सगळी झावळे टाकून देता येत नाहीत. तो कोवळी बोंडे गाळतो, आणि एका उन्हाळ्याची तहान पुढल्या एकदोन वर्षांच्या पाडणीत दिसते.

तेव्हा झाड तोडण्याआधी नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर ते जिवंत आहे. पाचोळा जाळू नये, तो माड व काजूच्या बुंध्याभोवती पसरावा. मातीतील ओल टिकते व पुढे त्याचेच खत होते. मार्च २०२३ मध्ये गोव्याच्या रानांत जागोजागी लागलेल्या आगी आपण विसरलेलो नाही. शिवाय पाचोळ्याचा धूर लहान मुलांच्या आणि दमेकऱ्यांच्या छातीत जातो.

आरोग्याची एक गोष्ट याच ओघात सांगतो. झाड छिद्रे मिटून घेते, माणसाला घाम थांबवता येत नाही. म्हणून ऐन उन्हाळ्यात दुपारी ११ ते ४ शेतातले जड काम टाळावे व तहान लागण्याची वाट न पाहता पाणी किंवा मीठ घातलेली पेज घ्यावी. चक्कर येऊन अंग तापले आणि बोलणे असंबद्ध झाले, तर माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी घालावे व ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

झाडाची काटकसर एका मर्यादेपर्यंतच चालते. खोल मुळांना खाली पाणी लागतेच. खाणीचा खंदक पाण्याच्या पातळीखाली गेला आणि पाणी उपसले गेले, तर आसपासच्या विहिरी व झरे खालावतात, आणि त्यावर जगणारी कुळागरेही. २०१८ साली थांबलेले खाणकाम डिचोलीत २०२४ साली पुन्हा सुरू झाले. रोजगार हवा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दर उन्हाळ्यात विहिरींची पातळी मोजून तिची नोंद गावापुढे ठेवावी, ही मागणी प्रत्येक कुटुंबाने ग्रामसभेत करावी. ती कोणाच्या पोटावर पाय देणारी नाही.

सुवार्तेतील अंजिराच्या झाडाची गोष्ट आपण जाणतो. धनी ते तोडायला सांगतो, पण माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणतो व खत घालतो. या उन्हाळ्यात आपण त्या माळ्याच्या बाजूने उभे राहू या. परमेश्वर आपली शेते व आपली घरे आशीर्वादित करो.