देवाच्या मर्जीआड लपता येत नाही

पैनगंगेच्या अल्याड आदिलाबाद, पल्याड यवतमाळ. राज्य बदलते, पण काळी जमीन, कापूस आणि पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीसाठी पुन्हा हात पसरणे दोन्हीकडे सारखेच. दोन्हीकडे शेतकरी जीव देतात आणि त्यांच्या घरी भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, 'देवाची मर्जी'. दुसरे जरा आवाज उतरवून, 'त्याने स्वतःच ठरवले, त्याला कोण काय करणार?' सगळे देवाने ठरवले असेल तर त्या माणसाने काही ठरवले नाही, आणि त्याने ठरवले असेल तर देवाला मध्ये ओढायचे कारण नाही. तरी दोन्ही वाक्ये एकाच ओसरीवर सुखाने नांदतात, कारण दोघांचा उपयोग एकच आहे: सावकाराचे व्याज, न मिळालेले पीककर्ज, पडलेला भाव यांपैकी कशाचाच जाब कोणाला द्यावा लागत नाही. ख्रिस्ती घरांतही हेच ऐकू येते, आणि तिथे ते जास्त खटकायला हवे. देवाची सार्वभौम सत्ता आणि माणसाचे इच्छास्वातंत्र्य हा वाद ख्रिस्ती धर्माने सोळाशे वर्षे घातला आहे. त्या वादाचा इतिहास नीट वाचला तर यांतले एकही वाक्य उच्चारण्याचा अधिकार मंडळीला उरत नाही, असे माझे म्हणणे आहे.

वादाची हकीकत थोडक्यात अशी. पाचव्या शतकात पेलाजियसने माणसाच्या प्रयत्नावर भर दिला. ऑगस्टिनने उत्तर दिले की देवाच्या कृपेवाचून माणसाला चांगले इच्छिताही येत नाही. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, पुढच्याच वर्षी ल्यूथरने ती खोडून काढली. कॅथलिकांतही जेझुइट आणि डोमिनिकन पंथीय कृपेवरून इतके हातघाईवर आले की रोममध्ये चौकशी बसवावी लागली. ती १६०७ मध्ये संपली ती कोणालाच दोषी न ठरवता, आणि मला तो चर्चच्या शहाणपणाचा क्षण वाटतो. आदिलाबादपुरते बोलायचे तर इथला कॅथलिक धर्मप्रांत १९९९ मध्ये चांदा धर्मप्रांतातून वेगळा निघाला. दुसरीकडे दक्षिण भारत चर्चचा मेदक धर्मप्रांत आहे, त्याचा वारसा मेथडिस्ट. त्या परंपरेचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने तर पूर्वनिवडीच्या, म्हणजे कोणाचे तारण व्हायचे हे देवाने आधीच ठरवले आहे या, सिद्धांताला उघड विरोध केला होता. म्हणजे या जिल्ह्यातल्या दोन्ही जुन्या परंपरा माणसाची निवड खरी मानतात. कपाळावर लिहिलेलेच घडते, ही शिकवण यांपैकी कोणाचीच नाही.

यावर आक्षेप येईल तो बायबलमधूनच. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात पौल कुंभार आणि मातीचा दाखला देतो, फारोचे मन देवानेच कठीण केले असे सांगतो. मग निवड उरली कुठे? आक्षेप वजनदार आहे, तो झटकून टाकता येणार नाही. पण हाच पौल फिलिप्पैकरांना लिहिताना आपले तारण भीत व कापत साधून घ्या असे बजावतो आणि लगेच म्हणतो की तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही देवच घडवतो. त्याला यात विसंगती दिसत नाही. देवाचे करणे आणि माणसाचे करणे ही एकाच भाकरीची वाटणी नव्हे, की एकाला जास्त गेली म्हणजे दुसऱ्याला कमी उरावी. पूर्वनिवड मानणाऱ्यांनीही प्रत्यक्षात असेच वागून दाखवले आहे. विल्यम कॅरी कॅल्विनपंथी बाप्टिस्ट. जगाचे तारण देव त्याला हवे तेव्हा करील, आपण खटपट कशाला करायची, ही वृत्ती त्याच्या पंथात मुरलेली होती. १७९२ च्या आपल्या पुस्तकात कॅरीने तिच्यावरच बोट ठेवले: देव काम करतो म्हणून ख्रिस्ती माणसाचे साधने वापरण्याचे कर्तव्य संपत नाही. त्याच माणसाच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला.

याहून बोलका पुरावा पंडिता रमाबाईंचा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात पुराणे सांगत फिरणाऱ्या त्यांच्या कुटुंबाने होते नव्हते ते दानधर्मात, व्रतांत घालवले, देव प्रसन्न होण्याची वाट पाहिली, आणि रमाबाईंनी आई, वडील व थोरली बहीण गमावली. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता देवाचा शब्द म्हणून चर्चचा शब्द निमूट मानावा, अशी तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा. दोघींचा पत्रव्यवहार वाचला की कळते, रमाबाईंनी आपली विवेकबुद्धी कोणाच्याही हवाली करायला साफ नकार दिला. पुढे त्यांची श्रद्धा इतकी गाढ झाली की आपण काढलेल्या मुक्ती मिशनच्या दैनंदिन गरजांसाठीही त्या देवावर विसंबू लागल्या. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या प्रार्थना करत बसून राहिल्या नाहीत. मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या, त्यांच्यासाठी विहिरी खोदल्या, निवारे बांधले. देवावरचा संपूर्ण भरवसा आणि संपूर्ण खटपट एकाच बाईत होती, आणि त्या भरवशानेच तिला स्वस्थ बसू दिले नाही.

ईश्वरी योजनेचे सगळ्यांत नाट्यमय मराठी उदाहरण म्हणजे नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पूर्वनियोजनाचा दाखला म्हणून हा प्रसंग हमखास सांगतात. पण त्यातून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना वगळतात, ते मला मान्य नाही. त्या नवऱ्यामागून गेल्या नाहीत. ताटातूट सोसली, परत एकत्र राहू लागल्यावरही सोवळे सांभाळले, आणि जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा आपल्या मनाशी निकाल लावल्यावरच १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. हे सारे 'स्मृतिचित्रे'त त्यांनी स्वतः, मिस्कीलपणाने सांगितले आहे. देवाने आपल्याला बोलावले, असे टिळकांना स्वतःविषयी, मागे वळून पाहताना म्हणता येत होते. बायकोविषयी आगाऊ म्हणता येत नव्हते. देवाच्या योजनेची भाषा दुसऱ्याच्या मानगुटीवर बसवली की ती श्रद्धा राहत नाही, दडपण होते.

इथे दुसरा आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो मराठी वाचकांत अधिक ऐकू येतो: निवडीच्या गप्पा टिळकांसारख्या पंडितांपुरत्या ठीक, पण निजामाच्या राज्यात दवाखाना आणि धान्य दाखवून झालेल्या धर्मांतरात कसले आले इच्छास्वातंत्र्य? भूक लागलेल्या माणसाची निवड आकसते, हे खरे आहे, आणि भुकेचा फायदा घेणारा मिशनरी आपल्याच तत्त्वाशी बेइमान होतो. परंतु मग हा न्याय सगळीकडे लावला पाहिजे. उपाशी माणसाची धर्माची निवड मोकळी नसेल, तर वेठबिगारीत राहण्याची निवडही मोकळी नव्हती, आणि कर्जबाजारी शेतकऱ्याची विषाच्या डब्याची निवडही नाही. गोदावरीपलीकडे निजामाबाद जिल्ह्यात डिचपल्लीला १९१५ मध्ये डॉ. इझाबेल कर यांनी कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ काढले. त्याला मोठी देणगी राजा नरसा गौड या हिंदू गृहस्थांनी दिली. महारोग म्हणजे पापाचे फळ, ही समजूत तेव्हा सर्व धर्मांत होती. पण योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाबद्दल 'पाप कोणाचे, याचे की आईबापांचे' असे शिष्य विचारतात तेव्हा येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि थेट त्याच्या डोळ्यांकडे वळतो. आजच्या आरोग्यप्रार्थनांच्या सभांत मात्र 'बरा झाला नाहीस, कारण तुझा विश्वास कमी पडला' असे रोग्याला सुनावले जाते. हे येशूने नाकारलेलेच वाक्य, नवे कपडे घालून आलेले.

आत्महत्येबाबत कॅथलिक चर्चने आपली भूमिका सुधारली आहे. जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाही, असे लॅटिन चर्चचा १९१७ चा कायदा सांगत असे. १९८३ च्या कायद्यात ते कलम राहिले नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्ट केले की तीव्र मानसिक यातना आणि भीती यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये. म्हणजे 'त्याने स्वतःच ठरवले' हे अर्धेच खरे, हे चर्चने लिहून दिले आहे. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब इतरांकडे मागावा लागतो. तेलंगणात २०१८ पासून रयतू बीमा आहे: शेतकरी कोणत्याही कारणाने मेला तरी घरच्यांना ५ लाख रुपये. पण त्यासाठी जमिनीचे पासबुक मयताच्या नावावर लागते. कौलाने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याकडे ते नसते, म्हणून त्याच्या विधवेला हा विमा मिळत नाही. ही अट हैदराबादच्या सचिवालयात माणसांनी घातली आणि माणसांना ती काढता येते. भेटीला गेलेल्या पाळकाने त्या घरात प्रार्थना जरूर करावी, आणि ती झाल्यावर कौलाचा कागद कुठे आहे हे विचारावे.