साडीतल्या विंग कमांडरचं तिकीट

नोकरीची शेवटची वर्षं मी टपाल खात्याच्या फिलाटेली काउंटरवर काढली. भिंग लावून तिकिटाची कड न् कड तपासणाऱ्या संग्राहकांमुळे मलाही तिकिटं निरखायची सवय लागली. झाशीच्या राणीचं १५ नव्या पैशांचं तिकीट १९५७ साली निघालं. पुढे बेगम हजरत महल आल्या, झलकारीबाई आल्या, वेलू नाचियार आल्या. हातात शस्त्र घेतलेल्या बायकांना मिळालेला हा मान रास्तच आहे. आता तो विजयालक्ष्मी रामनन यांना मिळावा.

मद्रासला शिकलेल्या या डॉक्टर २२ ऑगस्ट १९५५ रोजी लष्कराच्या वैद्यकीय दलात आल्या आणि तिथून थेट हवाई दलात गेल्या. भारतीय हवाई दलातल्या त्या पहिल्या महिला अधिकारी. बाईने घालावा असा अधिकाऱ्याचा गणवेशच तिथे नव्हता! मग त्यांनीच हवाई दलाच्या रंगाची साडी आणि ब्लाउज ठरवला. १९७१ साली पती गेले, तरी नोकरी सोडली नाही. विशिष्ट सेवा पदक मिळवून १९७९ मध्ये त्या विंग कमांडर म्हणून निवृत्त झाल्या. वैद्यकीय शाखेबाहेर बायकांना अधिकारीपदाची दारं उघडली ती १९९२ नंतर. म्हणजे त्या रुजू झाल्यानंतर जवळजवळ चार दशकांनी.

कुणी म्हणेल, 'माय स्टॅम्प' योजनेत हवा तो फोटो छापून मिळतोच की. मिळतो, पैसे भरून. देशाने आपणहून काढलेल्या तिकिटाची सर त्याला नाही.

हयात व्यक्तीचं तिकीट सहसा निघत नाही. महर्षी कर्व्यांचं १९५८ साली निघालं, तो अपवाद. साधारणपणे निधनानंतर दहा वर्षं थांबतात. रामनन ऑक्टोबर २०२० मध्ये गेल्या, वयाच्या ९६ व्या वर्षी. म्हणजे २०३० ची तारीख अगदी जुळून येते. पण प्रस्ताव बराच आधी जावा लागतो आणि तो सामान्य नागरिकही पाठवू शकतो. मी पाठवणार आहे, वाचकांनीही पाठवावा.

चित्राबद्दल माझा एक हट्ट आहे. गोलातला नुसता चेहरा आणि बाजूला विमान, असं नको. त्या साडीत, कामावर उभ्या असलेल्या पूर्ण बाई दिसाव्यात. आणि प्रकाशन दिल्लीतल्या सभागृहात न करता बंगळुरूला जलाहल्लीच्या हवाई दल रुग्णालयात करावं. तिथे त्यांनी काम केलं होतं.