तापणारा स्लॅब आणि आपली जबाबदारी

थंड देशांत घराचे नूतनीकरण निघाले की फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकण्याचे काम काही घरमालक स्वतःच करतात. कोरियात ओंडोल या नावाने फरशी तापवण्याची रीत शतकानुशतके चालत आली आहे. आपल्या खानदेशातल्या पाचोऱ्यात प्रश्न उलटा आहे. इथे मार्चपासून जूनपर्यंत माणसाच्या डोक्यावरचे छत तापते आणि ते छत आपण बांधकाम करणाऱ्यांनीच बांधून दिलेले असते.

पाचोरा साधारण २०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत भिंतींपेक्षा कितीतरी जास्त ऊन छत झेलते. चार-पाच इंची स्लॅबमधून ती उष्णता खाली उतरायला तीन-चार तास लागतात. म्हणून दुपारपेक्षा संध्याकाळी खोली जास्त जाचते आणि पंखा छताजवळची गरम हवाच खाली ढकलतो. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. दिवसाची उष्णता त्यातच अडायची. आपण स्लॅब आणला, पण त्या थराचे काम कोण करणार, हे ठरवले नाही.

निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत छतातून उष्णता जाण्याची मर्यादा प्रति चौरस मीटर, प्रति अंश १.२ वॅट आहे. उघडा स्लॅब याच्या अडीच-तीन पट उष्णता आत सोडतो. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छतांचे, म्हणजे ऊन परतवून कमी तापणाऱ्या छतांचे, धोरणच जाहीर केले. आपण निदान गिऱ्हाइकाशी या विषयावर बोलायला हवे.

छताला पांढरा चुना देण्यासारखे काही काम घरमालक स्वतः करू शकतो. ते त्याला मोकळेपणाने शिकवा. स्लॅब झाडून-धुऊन घ्यावा, कळीचा चुना विझवून गाळावा, त्यात चिकटद्रव्य मिसळावे आणि आडवा-उभा असे दोन हात द्यावेत. चुना विझवताना पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे हवेतच आणि मुलांना लांब ठेवावे. पावसाळ्यात हा थर धुपतो, म्हणून दरवर्षी होळीच्या आगेमागे काम पुन्हा करावे लागेल, हेही आधीच सांगा.

काही काम मात्र त्याच्यावर सोडू नका. थंडावा मिळेल म्हणून काही जण जुन्या स्लॅबवर माती किंवा विटांच्या तुकड्यांचा कोबा चढवतात. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरमागे दीड-दोनशे किलो वजन. सळई गंजली आहे का, तडे कुठे आहेत, स्लॅब एवढे वजन पेलेल का, हे अभियंत्याने तपासल्याशिवाय घमेलेसुद्धा वर जाऊ नये. पाण्याचा उतार, गळतीरोधक थर आणि त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी हे कसबी गवंड्याचे काम आहे. उतार चुकला तर पाणी साचते, स्लॅबमध्ये मुरते आणि छत आतून कुजते.

घरमालकाला चुन्याची कृती सांगितल्याने आपला धंदा बुडत नाही. उलट पुढचे मोठे काम तो विश्वासाने आपल्याकडेच घेऊन येतो. म्हणून आमची विनंती एवढीच: यापुढे घराच्या प्रत्येक एस्टिमेटमध्ये छताच्या उष्णतारोधाची एक स्वतंत्र ओळ आणि तिचा खर्च लिहा. गिऱ्हाइकाने तो खर्च नाकारला, तर निदान चुन्याचे दोन हात देण्याची रीत त्याला समजावूनच घराची चावी त्याच्या हाती द्या.